उष्टी हळद

२१ जून २००३, शनिवार

सविताला पाटावर बसवायला नको होतं.

बाकी दिवस झकास गेला. अठरा पोरं-पोरी, त्यांच्या सीमा मॅडम, दोन गाड्या. अमेरिकेतली ही पोरं सुट्टीत आठ आठवडे पुण्याला मराठी शिकायला येतात. दर शनिवारी त्यांना बाहेर काढून संस्कृती दाखवायची, हे काम तीन वर्षं माझ्याकडं आहे. आज कागदावर होतं 'खेड्यातलं लग्न'. जागा नेहमीची – न्हावऱ्यात आनंदरावांची वस्ती. आनंदराव माझ्या बरोबरीचा, शाळासोबती. मी सातवीतून पळालो, तो शेतीत राहिला. त्याची जमीन चाळीस एकर, माझ्या गाड्या दोन. दोस्ती आहे तशी आहे.

दरवर्षी नवरा-नवरी पोरांमधलेच करतो. यंदा नवरी व्हायची ती पोरगी शिक्रापुरात मिसळीला भिडली आणि वस्तीवर येईतो गार. इकडं मांडव घातलेला, वाजंत्री आलेली, डॅनियल नावाचा साडेसहा फुटी नवरदेव मुंडावळ्या बांधून उभा. मॅडम घड्याळ बघतायत. मी म्हणालो, सविता बसेल की! दहा मिनिटांचा तर खेळ.

सविता म्हणजे आनंदरावांची थोरली. यंदा बारावी झाली.

तिची आई, साखरबाई वहिनी, चुलीपुढून उठून आल्या. "भावजी, कुवार पोरीला खोटी हळद लावू नये."

"वहिनी, नाटकातला राजा घरी जाऊन राज्य करतो व्हय?"

बायका हसल्या. माझी हीच खोड. हसवलं की काम होतं.

पाच सवाष्णी पुढं झाल्या. त्यांचे हात सवयीचे. आधी डॅनियलला लावली आणि मग तीच वाटी सविताकडं सरकवली. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला. कुणी तसं सांगितलं नव्हतं. हातांना तेवढंच ठाऊक. वहिनींचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि दुसरीकडं बघितलं. मागं एक बाई दुसरीला म्हणाली, "लागली गं बया उष्टी." हळूच म्हणाली. मी ऐकलं. दौंड स्टेशनावर अकरा वर्षं चहा विकलाय. गाडीच्या शिट्टीत गिऱ्हाईकाची हाक ऐकू यायची, त्याशिवाय पोट भरत नव्हतं. तिथंच कानानं हिंदी, मद्रासी, साहेबाचं इंग्रजी, सगळं शिकलो.

अंतरपाट धरला तेव्हा सविता पलीकडच्या डॅनियलला इंग्रजीत काहीतरी विचारत होती. मी कान दिला. विचारत होती – तुमच्याकडं शिक्षक व्हायला किती वर्षं लागतात?

अक्षता पडल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम खूश.

आनंदराव उशिरा शेतावरून आला. पाटावर लेक बघितली. जेवला मात्र अर्धंच.

२२ जून

सविताची सोयरीक कासुर्डीला ठरल्यात जमा आहे. सोपानरावांचा सत्यजीत. वैशाखात पाहून गेले, पसंती आली, दिवाळीनंतर बार उडवायचा. हे मला ठाऊक होतं. काल पाटावर बसवताना ठाऊक होतं का? होतं.

२४ जून, मंगळवार

सविता शिरूरला ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे काय, स्टँडमागं एक खोली, फोन, दोन खुर्च्या. पिशवीतून डी.एड.चा फॉर्म काढला. बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के. मी कौतुक केलं. म्हणाली, "पुण्याला पोचवाल का काका? उद्या शेवटची तारीख आहे. आणि पत्ता तुमच्या ऑफिसचा घातलाय."

"तुझ्या आप्पांना सांगितलं का?"

"तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात."

"बोलतो."

"नक्की?"

"अगं बोलतो म्हणलं ना."

२५ जून

फॉर्म दिला. पोच घेतली.

२८ जून, शनिवार

निघोजची कुंडं दाखवली. पाण्यानं कातलेला तो खडक बघून पोरं चाट पडली. डॅनियल माझ्याशेजारी बसून राहिला. मराठी चांगलं आहे त्याचं, फक्त प्रत्येक शब्द जमिनीवर ठेवल्यासारखा बोलतो. "काका. ती हळद खरी होती?"

"हळद खरी. लग्न खोटं."

वहीत लिहून घेतलं त्यानं. मग बराच वेळ पेन्सिल चावत बसला. म्हणाला, "पण हळदीला ते कसं कळणार?"

मी हसून पाठीवर थाप मारली.

१ जुलै

आनंदराव शिरूरला भेटला. डी.एड.चं काढणार होतो. कांद्याच्या चाळीवर घसरलो ते तिथंच राहिलो.

५ जुलै, शनिवार

यंदा पत्रक छापायचं ठरवलं. 'गावातला एक दिवस – हौसराव ट्रॅव्हल्स'. पुण्यातल्या आणखी दोन संस्था हाती लागतील. मॅडमनी फोटो धाडले होते. सविता धाकट्यांची पाठ्यपुस्तकं घ्यायला शिरूरला आलेली, तिच्यापुढंच टेबलावर मांडले. मी बैलगाडीचा उचलला.

ती म्हणाली, "हा नको काका. बैलगाडी कुणीपण छापतं. लग्नाचा घ्या."

तो फोटो चांगलाच आलाय. डॅनियल वाकलेला, सविताच्या गालावर हळद, चेहरा समोर. म्हणालो, घरचे काय म्हणतील? म्हणाली, "घरचे होतेच की तिथं." मला वाटलं, पोरीला धंदा कळतो. छापायला टाकला.

आनंदरावला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. इथं तरी खरं लिहावं.

९ जुलै

पाचशे पत्रकं आली. रंग फक्कड. सविता मूठभर घेऊन गेली, मैत्रिणींना द्यायला.

१२ जुलै, शनिवार

भुलेश्वर. सविताला बरोबर घेतली होती, मॅडमनाच हवी होती. बायका-पोरींना विचारायचं असलं की ही मध्ये पडून दोन्हीकडचं सांगते, आणि छान सांगते. देवळातल्या मूर्ती मोजता मोजता एक पोरगी पायरीवरून घसरली, गुडघा सोलला. येताना यवतला मलमपट्टी, चहा, भजी. पोरं भज्यांवर तुटून पडली. सविता पोस्टात जाऊन आली. मॅडमनी दुभाषी म्हणून तिला पेन भेट दिलं. लाजली. घरी सोडलं तर वहिनी म्हणाल्या, "आता बास झालं हिचं फिरणं, भावजी."

डी.एड.चं आजही राहिलं. आनंदराव घरी नव्हता. असता तरी बोललो असतो का, देव जाणे.

१९ जुलै, शनिवार

आज पोरांना दुसऱ्या गाडीनं धाडलं, मी गेलो नाही.

सकाळी आनंदराव ऑफिसात आला. बसला नाही. टेबलावर पत्रक ठेवलं – माझंच पत्रक. कासुर्डीहून निरोप आलाय, 'जरा थांबू'. सोयरिकीत 'जरा थांबू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. त्यांच्याकडं हे पत्रक कुणीतरी टपालानं धाडलं. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. नुसता फोटो.

"हौशा," तो म्हणाला, "माझ्या अंगणात आलास, माझ्या ताटात जेवलास. लेकीला माझ्या चवाट्यावर का मांडलीस?"

चाळीस वर्षांत त्यानं आवाज चढवला नव्हता. आजही नाही चढवला. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

वहिनी खाटेवर पडून आहेत म्हणे. गावात बायका बोलतात – आनंदरावच्या पोरीला गोऱ्याची उष्टी हळद लागली.

उरलेली पत्रकं पोत्यात भरली. जाळायला काडी काढली आणि थांबलो. पोरीचा चेहरा आहे त्यावर. जाळायचा कसा?

२० जुलै

हे पोपटचं काम. चौफुल्यावर त्याच्या जीपगाड्या उभ्या असतात, यवत-कासुर्डी त्याचा रोजचा रस्ता, आणि मॅडमच्या कामावर दोन वर्षं त्याचा डोळा. गेलो चौफुल्याला. चार माणसांत बोललो त्याला. नको ते बोललो.

तो म्हणाला, "हौसराव, तुमच्या गिऱ्हाईकावर डोळा ठेवीन मी. लेकीबाळीवर न्हाई ठेवायचो."

गुन्हेगार असंच बोलतात.

२३ जुलै

जेवण जात नाही. बायको म्हणते, "तुमी काय मुद्दाम केलंत का?" मुद्दाम नाही केलं. पण मुद्दाम न केलेल्याची भरपाईही कुणाला तरी करावीच लागते. ती मी करणार. ही सोयरीक मी जोडून देणार.

२७ जुलै, रविवार

कासुर्डी. एकटाच गेलो. आनंदरावला सांगितलं नाही.

सोपानराव माणूस सरळ. ओसरीवर बसवलं, सत्यजीतनं पाणी आणून दिलं. पोरगा नीट आहे – डोळ्याला डोळा देऊन बोलतो. मी सगळं सांगितलं. कसं ठरलं, कुणी बसवलं, कुणी छापलं. सगळा दोष माझा, पोरीचा केसाएवढा नाही.

सोपानराव म्हणाले, "माझं काय न्हाई, हौसराव. पण भावकी हाय. उद्या पंगतीत कुणी म्हणलं, ह्यांच्या सुनंला आधीच कुणाची उष्टी हळद लागलीया, तर मी वरणाची बादली घेऊन कुठं पळू?"

सत्यजीत म्हणाला, "आबा, मला चालतंय."

"तुला चालून काय उपेग? गावाला चालाया पायजे."

तेव्हा मला सुचलं. इतकी वर्षं पोरांना रीतीभाती दाखवून दाखवून डोकं तयार झालंय. म्हणालो, "आमच्याकडं ह्याच्यावर रीत हाय."

"कसली?"

"खोटी हळद लागली तर वाहत्या पाण्यात उतरवत्यात. पाच सवाष्णी, नदीची ओटी, पोरीला डोईवरून पाणी. मग नदीकडं पाठ करून यायचं, मागं बघायचं न्हाई. हळद गेली पाण्याबरोबर."

सोपानरावांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. "ही रीत कवाची?"

"जुनी हाय."

"किती जुनी?"

"तुमचा चहा यायच्या आधीची."

सत्यजीत फिसकन हसला. सोपानराव हसले नाहीत, पण मिशी हलली. म्हणाले, "बरं. दौंडला करा, भीमेवर. माझ्या घरच्या दोघी येत्याल. त्यांनी डोळ्यानं बघितलं म्हंजी भावकीचं तोंड बंद."

त्यांनाही दार हवंच होतं. मी नुसती कडी काढली.

येताना चौफुल्याला पोपट दिसला. मान वळवून गेला.

२९ जुलै

आनंदरावला सांगितलं. म्हणाला, "असली रीत मी तरी ऐकली न्हाई." मग म्हणाला, "करू." जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर जाऊन तोंड धुतलं मी.

६ ऑगस्ट, बुधवार

दौंड. भीमेला गढूळ पाणी, घाटाच्या चार पायऱ्या बुडलेल्या. खण, नारळ, हळदीकुंकू सगळं मीच नेलं. पाच सवाष्णी – वहिनी, माझी बायको, आनंदरावची वहिनी, आणि कासुर्डीच्या दोघी. कुणालाच काही माहीत नाही, सगळ्या माझ्या तोंडाकडं बघतायत. मी सांगत गेलो, त्या करत गेल्या. आता ओटी. आता पाच तांबे. स्वतःच्याच तोंडून ही खोटी रीत ऐकताना मी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो. पण तिसऱ्या तांब्याला कासुर्डीची म्हातारी म्हणते, "आमच्या माहेरी बी अशीच उतरवत्यात." आणि चौथ्याला मलाच सांगते, "तांब्या डाव्या हातानं धरायचा असतो."

सविता चिंब उभी. ओठ निळे पडले होते. नदीकडं पाठ करून चढून आली, सांगितल्यासारखी. मागं बघितलं नाही. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "काका, डी.एड.चं काही आलं का?"

"अजून नाही, पोरी."

आज तरी ते खरं होतं.

९ ऑगस्ट

पोरं परत निघाली. डॅनियलनं वाकून नमस्कार केला. विचारलं, "सविता शिक्षक होणार?" म्हणालो, लग्न आहे तिचं. "नंतर?" म्हणालो, नंतर बघू. त्यानं हे वहीत लिहिलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आलं. लांबट पाकीट, सविताच्या नावानं, ऑफिसच्या पत्त्यावर. उघडायला नको होतं. उघडलं. पहिल्याच यादीत नाव. शनिवारी, सोळा तारखेपर्यंत हजर राहून प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा पुढच्याला.

रविवारी, सतराला साखरपुडा.

काय करू? आनंदरावच्या घरात महिन्यानं पहिल्यांदा हसणं ऐकू येतंय. वहिनी उठून शेवया करायला लागल्यात. कासुर्डीवाले मोठ्या मनानं परत आले. आता हे पाकीट पुढं केलं तर पोरगी म्हणणार जायचं, बाप म्हणणार नाही, कासुर्डीवाले म्हणणार पुन्हा काय काढलं? आणि पुन्हा काढणारा कोण? हौसराव.

खणात ठेवलं.

१४ ऑगस्ट

आनंदरावकडं गेलो मांडवाचं बघायला. सवितानं चहा दिला. माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, साखर जास्त झाली गं. झाली नव्हती.

१६ ऑगस्ट, शनिवार

दिवसभर ऑफिस उघडलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

साखरपुडा पार पडला. साडी, पेढे, कुंकू. सोपानराव सगळ्यांदेखत म्हणाले, "ही सोयरीक हौसरावांनी जोडली." टाळ्या. आनंदरावनं मिठी मारली. सविताच्या कपाळावर कुंकू लावलं तेव्हा ती एका जागी बघत होती. मी तिकडं वळून पाहिलं, नुसती भिंत होती.

१८ ऑगस्ट

पाकीट नेऊन दिलं. म्हणालो, टपालाचा घोळ बघ, आजच आलं. उघडलेलं आहे हे तिला दिसलं. पाकिटावर शिरूरचा शिक्का अकरा तारखेचा, तोही दिसला असणार. तिनं वाचलं, तारीख वाचली, घडी घातली.

"बरं," म्हणाली.

मी म्हणालो, सत्यजीत चांगला आहे, पुढं शिकवेल, लग्नानंतरही शिकतात हल्ली.

"हो काका."

एवढं पाप घेतलं डोक्यावर. पण मोठं फेडायला लहान करावं लागलं. तिचा संसार तुटत होता, तो वाचला. शाळा काय, पुढच्या वर्षीही असते. असं मनाला सांगतोय. दहा वेळा सांगितलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

लग्न. खरी हळद, खऱ्या अक्षता. वराची हळद कासुर्डीहून आली ती वहिनींनी दोन्ही हातांनी घेतली आणि माझ्याकडं बघून डोळे पुसले. वऱ्हाडाला दोन्ही गाड्या माझ्या. पोत्यातली पत्रकं आज चुलाणात घातली. आता हरकत नाही म्हणालो. नवरीचा चेहरा नवऱ्याघरी गेला.

मन हलकं आहे.

१ डिसेंबर, सोमवार

सविताला पहिल्यांदा माहेरी आणायला मी आणि आनंदराव गेलो. परतताना केडगावला तो पेढे घ्यायला उतरला. गाडीत ती आणि मी.

म्हणालो, पोरी, त्या पत्रकापायी तुझी सोयरीक मोडत होती. चार महिने झोप नव्हती मला. पण जोडली बघ, आता फिटंफाट झाली.

ती पदराच्या टोकाला पीळ घालत होती. पीळ सोडला. म्हणाली, "काका, ते पत्रक मीच टाकलं होतं. यवतच्या पोस्टात. तुम्ही चहा पीत होता."